पागा वाचवायची तर सिमेंट घरी ठेवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाऊस उघडून दसरा तोंडावर आला की कोल्हापुरातल्या तालमी, तरुण मंडळे आणि डोंगर भटकणारे गट श्रमदानाची ठिकाणे शोधू लागतात. गडकोटांबरोबर आता वनजमिनीवरच्या संस्थानकालीन पागा, गोठे आणि वैरणीची कोठारेही या यादीत येऊ लागली आहेत, ही आनंदाचीच गोष्ट. हत्तीमहालासारखे एखादे नाव लोकांना ठाऊक असते. पश्चिमेकडच्या रानातल्या बाकीच्या पडक्या भिंतींना नावही उरलेले नाही. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. शिकारखाना मोडला, जनावरे गेली आणि जनावरांबरोबर दरवर्षीची शाकारणीही गेली. या इमारती कुणा शत्रूने पाडलेल्या नाहीत. एक कौल सरकते, तिथून गळणाऱ्या पाण्याने रीप कुजते, रीप तुटली की चार कौले खाली येतात, मग वाशात पाणी शिरते आणि काही पावसाळ्यांत आढे भुईला टेकते.

पत्र लिहिताना डोळ्यांसमोर असलेल्या पागेच्या गावाचे नाव मुद्दाम देत नाही. नाव छापून आले की पुढच्या रविवारी कारखान्याचा शिक्का असलेली जुनी कौले उचलून नेणारेच तिथे आधी पोहोचतात.

श्रमदानातली सर्वांत महागडी चूक सिमेंटची, म्हणून आधी तेच सांगतो. आपल्याकडच्या अशा भिंती जांभ्याच्या किंवा काळ्या दगडाच्या आणि चुन्यात बांधलेल्या असतात. गगनबावड्याच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, शहरात तो हजाराच्या आसपास असतो. एवढ्या पावसात भिंत चार महिने पाणी पिते आणि हिवाळाभर ते दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, बाहेर सोडते. चुना दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असल्याने पाण्याला ती वाट सोपी पडते. दरज सिमेंटने बुजवली की पाणी दगडाच्या तोंडातून बाहेर पडू लागते. सोबत आलेले क्षार तिथेच साचतात, त्यांचे खडे होतात आणि जांभ्याचा पापुद्रा सुटतो. काही वर्षांपूर्वी सिमेंटने दरजा भरलेली जांभ्याची भिंत जवळून पाहा: सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे आलेल्या असतात आणि मधला दगड बोटभर आत गेलेला असतो. हात फिरवला तर लाल पीठ तळव्याला लागते. पांढरे सिमेंट, भिंतीची पुट्टी, गळतीवर मारायची रसायने यांचीही तीच गत. ‘थोडेसे सिमेंट चुन्यात घालू, लवकर धरेल’ हा सल्लाही ऐकू नका.

आता परवानगी. इमारत अभयारण्यात असेल तर वन्यजीव विभागाची आणि बाहेरच्या वनक्षेत्रात असेल तर प्रादेशिक वन विभागाची लेखी परवानगी लागते. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांमार्फत द्यावा. त्यात वनाचा कक्ष (कंपार्टमेंट) क्रमांक, कामाचे दिवस, माणसांची नावे, वाहने, हत्यारे आणि सामानाची यादी असावी. इमारत केंद्राच्या किंवा राज्याच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे का, हे पुरातत्त्व खात्याकडून आधी लेखी घ्या. असेल तर तिच्या दगडालाही तुम्ही हात लावायचा नाही. तिथे काम खात्याच्या देखरेखीखालीच होते. अर्जात ‘बांधकाम’ हा शब्द नको. ‘आहे त्या जोत्यावर, मूळच्याच साहित्याने दुरुस्ती’ असे लिहा, कारण खरोखर तेवढेच करायचे आहे. शेजारी फरशी, बाकडी, काँक्रीटच्या पायऱ्या किंवा मंडळाची कोनशिला आली की प्रकरण १९८० च्या वन संवर्धन कायद्याकडे वळते आणि मग मूळ कामही अडकते. गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. शहरातले गट सोमवारी परत येतात, त्यानंतर राखण गावच करते.

परवानगी येईपर्यंतचा वेळ नोंदीला द्या. प्रत्येक भिंतीचे समोरून फोटो काढा, त्यात एक मीटरची पट्टी उभी धरा. लांबी, रुंदी, खणांची संख्या, खांबांमधले अंतर आणि भिंतीची जाडी कागदावर उतरवा. वाशांना एका टोकाकडून क्रमांक द्या. क्रमांक पत्र्याच्या छोट्या पट्टीवर लिहून सुतळीने बांधा. दगडावर ऑइलपेंटने आकडे टाकू नका, ते पुढे कशानेच निघत नाहीत. पडलेल्या दगडांचा ढीग असेल तर तो कुठल्या भिंतीचा हे ढीग हलवण्याआधी लिहून ठेवा. भेग दिसली की तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीची खूण आणि तारीख घाला. पुढच्या पावसाळ्यानंतर खुणेपुढे गेली नसेल तर ती जुनी, निवलेली भेग आहे आणि चुन्याने भरता येते. पुढे गेली असेल तर पाया हलतो आहे. ते काम अभियंत्याचे, श्रमदानाचे नव्हे. ओळंबा लावून पाहा: भिंत मध्येच पोटासारखी फुगलेली असेल तर तिच्या खाली कुणालाही बसू देऊ नका, फोटोसाठीसुद्धा.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात पाणी वळवण्यापासून करावी. डोंगराकडच्या बाजूने वर्षानुवर्षे माती वाहून येते आणि जोत्याच्या वर चढते. भिंत तळातून ओली राहण्याचे बहुतेक वेळा हेच कारण असते. माती हाताने, खुरपे आणि घमेल्याने, जोत्याचा वरचा दगड उघडा होईपर्यंतच काढा. पायापर्यंत खणलात तर ज्या मातीने पाया दाबून धरला आहे तीच निघून जाईल. मग भिंतीपासून निदान तीन फूट लांब एक उथळ चर काढा: फूटभर रुंद, फूटभर खोल, दर दहा फुटांना दोन इंच उतार. तळाला मुरूम धुमसाने ठोकून घ्या. जेसीबीचा विचारही करू नका. जुनी वस्तू, नाणे, खापर काहीही मिळाले तर तिथेच ठेवून वनरक्षकाला दाखवा.

छप्पर हे या साऱ्या कामाचे मर्म, आणि सर्वांत जास्त अपघातही इथेच. साठ फूट लांब, वीस फूट रुंद दुपाखी, म्हणजे दोन उतारांच्या छपराची, पागा धरू. दोन्ही बाजूंना अडीच फुटांची वळचण, तीस अंशांचा उतार. पाखांचे क्षेत्र सुमारे १,७३० चौरस फूट, म्हणजे साधारण १६० चौरस मीटर भरते. मंगलोरी कौले चौरस मीटरला पंधरा-सोळा बसतात. म्हणजे २,४०० ते २,६०० कौले. एक कौल अडीच किलोच्या आसपास असते, तेव्हा डोक्यावर सहा टनांहून जास्त ओझे आहे आणि भर पावसात ते आणखी वाढते. हा हिशेब मांडायचे कारण असे की हौशी मंडळी एका पाखाची सगळी कौले आधी उतरवतात. ओझे एकाच बाजूला राहते, कुजक्या सांध्यांच्या कैच्या (छपराचे लाकडी त्रिकोणी सांगाडे) तिरक्या होतात आणि कधी कधी भिंतीचा माथा बाहेर ढकलला जातो. कौले दोन्ही पाखांवरून बरोबरीने, आढ्याकडून वळचणीकडे उतरवावीत. चढवताना उलटे: दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, वळचणीकडून वर. छपरावर दोन जाणते कौलारू कामगार, तेही परांचीवर उभे राहून. बाकीच्यांनी खाली साखळी धरावी.

उतरवलेले प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून पाहा. खणखणीत वाजले तर ठेवा, बद्द आवाज आला तर आत भेग आहे. कौले उभी रचा; आडवी थप्पी लावली तर तळची फुटतात. शेवाळ काथ्याच्या ब्रशने आणि साध्या पाण्याने काढा, ॲसिड नको. पाठीवरचे शिक्के वाचून वहीत नोंदवा. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ साली सुरू झाला. तेव्हा शिक्क्यावरून छपराचा अंदाज बांधता येतो, भिंतीचा नाही. भिंत त्याहून जुनी असू शकते आणि तिच्यावर आधी नळीची कौले किंवा गवत असू शकते. कमी पडणारी कौले आणताना नमुना बरोबर न्या. कारखान्यागणिक खोबणीचे माप थोडे बदलते; दोन मापे एका पाखावर मिसळली की सांधा बसत नाही आणि गळती तिथूनच सुरू होते. दोन मापांची कौले वापरणे भागच पडले तर एक पाख एका मापाचे, दुसरे दुसऱ्या मापाचे ठेवा. रिपांमधले अंतरही हातातल्या कौलावरूनच ठरवा, आठवणीवरून नको. वळचणीच्या खालच्या दोन ओळी न गंजणाऱ्या तारेने रिपेला बांधाव्यात, वारा तिथूनच कौल उचलतो. आढ्यावरची कोन्याची कौले चुन्याच्या गाऱ्यात बसवा. लाकूड ऊन-पावसात हलते, सिमेंटचा गारा हलत नाही, म्हणून तो पहिल्याच वर्षी तडकतो. आणि शे-दोनशे कौले आत रचून ठेवा. वानरांच्या उड्यांनी दरवर्षी काही सरकणार, फुटणार. मे महिन्यातली शाकारणी चुकवायची असेल तर छपरावर खर्चच करू नये.

पैसे किंवा परवानगी वेळेत जमली नाही तर एका पावसाळ्यापुरता साधा पत्रा टाका. दिसायला वाईट दिसतो, पण भिंत वाचते. फक्त भिंतीच्या माथ्यावर हवा खेळायला फट ठेवा.

लाकडाची परीक्षा टोच्याने करा. वाशाची टोके, भिंतीत गेलेल्या तुळईची डोकी आणि खांबाचे बूड ही तीन ठिकाणे. टोच्या सहज अर्धा इंच आत गेला तर तेवढा भाग गेला. वरून काळे पडलेले पण आत टणक असलेले सागाचे लाकूड फेकू नका. जुन्या गाभ्याच्या लाकडाची बरोबरी वखारीतले नवे लाकूड करत नाही. कुजलेला तुकडाच कापून त्याच जातीचे, पूर्ण वाळलेले लाकूड तिरप्या सांध्याने जोडावे. सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या निदान तिप्पट हवी: सहा इंची तुळईला अठरा इंच. कापण्याआधी दोन्ही बाजूंना टेकू द्या, टेकूखाली रुंद फळी घाला आणि पाचर हळूहळू ठोका, कारण जोराचा एक घाव वरची कौले उडवतो. तुळईचे डोके भिंतीत बसवताना भोवती अर्धा इंच मोकळी जागा सोडा; चहूबाजूंनी गारा भरला की ते पुन्हा कुजणार. वाळवीसाठी चंदगड-आजऱ्याकडे काजूच्या टरफलाचे तेल मिळते, लाकडाला ते चांगले लागू पडते. मात्र ते कातडी भाजते, तेव्हा हातमोज्यांशिवाय डबा उघडू नका. ओल्या लाकडावर कुठलेही तेल किंवा रंग लावला तर ओल आतच कोंडते. लाकूड पावतीसह आणि लागेल तिथे वाहतूक परवान्यासह विकत आणा. अभयारण्यात वाळून पडलेला ओंडकाही परवानगीशिवाय उचलणे गुन्हा आहे.

चुन्यासाठी कळीचा, म्हणजे भाजलेला पण न विरवलेला खड्यांचा, चुना घ्या. पोत्यातली जुनी पूड बहुतेक वेळा हवेने मेलेली असते. खडा पाण्यात टाकल्यावर फसफसून फुटला पाहिजे. नुसता बुडाला तर परत करा. विरवताना पिंपात आधी पाणी, मग थोडा थोडा चुना. उलटे केले, म्हणजे चुन्यावर पाणी ओतले, तर उकळता चुना तोंडावर उडतो आणि डोळा जाऊ शकतो. चष्मा, लांब हातमोजे आणि शेजारी स्वच्छ पाण्याची भरलेली बादली हवीच. शाळेच्या मुलांना या कामापासून दूर ठेवा. विरलेला चुना बारीक चाळणीतून गाळा. चाळायचे टाळले तर न विरलेले कण भिंतीत गेल्यावर फुगतात आणि दरजेवर फोड येतात. गाळलेला चुना वर दोन इंच पाणी ठेवून झाकून ठेवा. पंधरा दिवसांनी तो वापरता येतो, तीन महिन्यांनी लोण्यासारखा होतो. हे सगळे गावात किंवा शहरात करा आणि तयार चुना झाकणबंद पिंपांतून न्या. चुन्याचे पाणी ओढ्यात गेले तर मासे आणि बेडूक मरतात. घमेली, थाप्याही ओढ्यावर धुऊ नका.

आतल्या कोरड्या बाजूला एक भाग चुना आणि तीन भाग वाळू. पावसाच्या माऱ्याच्या बाजूला एक चुना, एक सुरखी (भाजलेल्या विटांची पूड), दोन वाळू. सुरखीमुळे गारा ओलीतही धरतो. वाळू काचेच्या बरणीत पाण्यात ढवळून तासभर ठेवा, वर गाळाचा जाड थर बसला तर धुतल्याशिवाय वापरू नका. गूळ आणि हिरडा घालायची जुनी रीत आहे. शंभर किलो चुन्याला दोन किलो गूळ आणि किलो-दीड किलो हिरड्याची भरड, पाण्यात आठ-दहा दिवस मुरवून, एवढे पुरते. कोल्हापूरचा गूळ म्हणून हात सैल सोडला तर मुंग्या आणि बुरशी लागते आणि गारा महिनाभर मऊच राहतो. चुना मळायची घाणी नसेल तर गारा मुसळाने कुटा; पाणी कमी, कुटणे जास्त.

दरज उकरताना छिन्नी-हातोडी वापरा, ग्राइंडर नको; ग्राइंडरचे पाते दगडाची कड खाते. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान एक इंच. धूळ काढा, आदल्या दिवशी आणि भरण्यापूर्वी पाणी शिंपडा, गारा थराथराने दाबून भरा, मोठ्या फटीत दगडाच्या चिपा बसवा. दरज दगडाच्या तोंडापेक्षा किंचित आत राहिली पाहिजे. दगडावर चोपडलेला गारा देखणा दिसत नाही आणि टिकतही नाही. नंतर सात ते दहा दिवस ओली गोणपाटे टांगून ठेवायची. श्रमदान इथेच हमखास फसते, कारण रविवारी दरजा भरून सगळे घरी जातात आणि मंगळवारी उन्हाने चुना भुरभुरतो. गावातल्या माणसाला मजुरी देऊन रोज दोनदा पाणी मारायची सोय नसेल तर त्या रविवारी दरजा भरूच नका. चारशे चौरस फूट भिंतीला सुमारे बारा घनफूट गारा लागतो. नासधूस धरून शंभर किलो कळीचा चुना आणि पंधरा घनफूट वाळू आणून ठेवावी. एका हंगामात एवढे झाले तरी पुष्कळ.

चुन्याचे खरे गुण पाहायचे असतील तर पन्हाळ्याला अंबरखान्यात जाऊन गंगा, यमुना, सरस्वती कोठ्यांच्या भिंती बघा. ढगात बुडालेल्या गडावर धान्य कोरडे ठेवायला त्या बांधल्या, आणि त्यात सिमेंटचा कण नव्हता.

भिंतीत वड, पिंपळ, उंबर रुजलेला असेल तर उपटू नका. मुळे दगडांना धरून असतात, झाडाबरोबर भिंतीचा लचका येतो. परवानगी घेऊन बुंधा भिंतीलगत कापायचा, मुळे आतच वाळू द्यायची आणि सुटे झालेले दगड नंतर बसवायचे. माळ्यावर वटवाघळे असतील, कोनाड्यात घुबड असेल, तर त्यांचा हंगाम संपेपर्यंत तो खण सोडून द्या. आग्या मोहोळाखाली धूर किंवा गोंगाट नको. दगडाच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवा. गव्यांची वाट इमारतीजवळून असेल तर दुपारी चारनंतर सामान आवरायला घ्या. फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचा काळ, तेव्हा जागेवर चूल पेटवू नये. डबे घरूनच आणावेत.

माणसांचे प्रमाण सांगायचे तर एका जाणत्या गवंड्यामागे किंवा सुतारामागे पाच-सहा स्वयंसेवक. त्याहून जास्त झाले की तो शिकवत बसतो किंवा दुर्लक्ष करतो. त्याची मजुरी आधी ठरवून रोजच्या रोज द्या. फुकट राबायची हौस आपली असते, त्याची नसते. हेल्मेट, दोर, प्रथमोपचाराची पेटी आणि अपघात विमा हा खर्च कौलांच्या आधी मांडा.

वनखात्याला एक विनंती. अशा जुन्या इमारतींची वनपरिक्षेत्रनिहाय यादी कक्ष क्रमांकासह तयार करून कोणत्या इमारतीला स्वयंसेवक चालतील आणि कोणत्या तशाच सोडायच्या, हे दिवाळीपूर्वी कळवावे. पावसाळा संपल्यावर परवानगीचे कागद फिरू लागले तर ते जानेवारीत हातात पडतात, आणि दरजांचे काम मार्चच्या मध्यापर्यंत उरकले नाही तर ते पुढच्या वर्षावर जाते. स्वयंसेवकांनी मात्र यादीची वाट पाहत बसू नये. दसऱ्याला विरवलेला चुना संक्रांतीला हाताशी येतो. पिंपावर तारीख घाला, आणि आठवड्यातून एकदा झाकण उघडून वरचे पाणी आटले नाही ना, तेवढे पाहा.

जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचे काम करणारे काही वाचक,
कोल्हापूर